चार गोळ्यांत आव जात नाही

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात शेजारची चौथीतली मुलगी दारात येऊन म्हणाली, "आजी, आई मला डोक्यावरून पाणी घेऊ देत नाही. नळातून मेंदू खाणारा किडा येतो म्हणे." केरळच्या बातम्या मोबाइलवरून घरोघर पोचल्या आहेत, त्याचा हा परिणाम. मी तिच्या आईला जाऊन समजावले. तो किडा नव्हे, अमिबा आहे, म्हणजे एकाच पेशीचा सूक्ष्म जीव. नाव नेग्लेरिया फाउलेरी, आणि तो उबदार गोड्या पाण्यात राहतो. ते पाणी नाकात वरपर्यंत शिरले तरच तो मेंदूकडे जातो, पाणी पिऊन तो आजार होत नाही. झालाच तर माणूस क्वचित वाचतो हे खरे, पण होणारे फार थोडे. तिचा जीव भांड्यात पडला. मग मी सहज विचारले, "तुझ्या नवऱ्याला गेल्या महिन्यात आव पडत होती, त्याचे काय झाले?"

"ते होय? मेडिकलमधून चार गोळ्या आणल्या, थांबलं की. आव काय, सगळ्यांनाच होते."

हे उत्तर ऐकून मला त्या रात्री झोप आली नाही. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. लांबेल, पण कृपा करून कापू नका.

मी ३१ वर्षे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. रक्त, लघवी, थुंकी सगळे तपासले, पण माझी नजर बसली ती शौचाच्या स्लाइडवर. नवीन मुली नाक मुरडायच्या, म्हणून ते काम माझ्याकडे आले आणि राहिले. स्लाइडवर कोमट सलाइनचा थेंब टाकायचा, त्यात काडीच्या टोकाने शेंबाचा आणि रक्ताचा भाग कालवायचा, वर कव्हर स्लिप ठेवायची आणि थांबायचे. नमुना ताजा असेल तर मिनिटाभरात एक गोळा हलू लागतो. त्याच्या एका कडेतून काचेसारखा निर्मळ फुगवटा सरकन पुढे येतो, मागचे दाणेदार अंग त्यात ओघळते, आणि परत नवा फुगवटा. एकाच दिशेने, वाट ठाऊक असल्यासारखा जातो. पोटात हिरवट-पिवळ्या झाकेचे गोल ठिपके दिसतात. त्या रोग्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी. एकदा मी एकाच अमिबाच्या पोटात अकरा मोजल्या होत्या. वहीत चित्र काढून ठेवले आहे.

हा आवेचा अमिबा, मेंदूकडे जाणाऱ्या त्या अमिबाहून वेगळा. त्याचे नाव एंटअमिबा हिस्टोलिटिका. रशियात सेंट पीटर्सबर्गला डॉ. लॉश यांनी आवेच्या एका रोग्यात तो पाहिला आणि १८७५ साली त्याचे वर्णन छापले. १९०३ मध्ये जर्मनीच्या फ्रिट्झ शाउडिन यांनी हे नाव दिले. हिस्टोलिटिका म्हणजे ऊती विरघळवणारा. हे शाउडिन पुढे तीनच वर्षांत, वयाच्या ३४व्या वर्षी वारले, आणि तेही अमिबामुळे झालेल्या गळवाच्या शस्त्रक्रियेनंतर.

आम्हाला शिकवताना सांगितले होते, की अमिबा पेशीला चिकटतो, तिच्यावर विषारी द्रव्ये सोडतो, पेशी मेली की तिला गिळतो. म्हणजे आधी मारणे, मग खाणे. मीही शिकायला येणाऱ्या पोरींना तेच सांगत आले. निवृत्तीनंतर, भाच्याच्या आजारपणात (त्याची हकिकत पुढे देते), एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली तेव्हा कळले, की खरा क्रम तसा नव्हताच. हे संशोधन अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात कॅथरिन राल्स्टन आणि विल्यम पेट्री यांच्या गटाने केले आणि २०१४ मध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकात छापून आले. त्यांनी माणसाच्या जिवंत पेशींच्या आवरणाला रंग दिला आणि त्या अमिबाशेजारी सोडल्या. अमिबा पेशीला बिलगतो. काही मिनिटांतच त्याच्या पोटात त्या रंगाचा एक ठिपका दिसतो, मग दुसरा, मग तिसरा. पेशी अजून जिवंत असते. तो तिला गिळत नाही, तिचे बारीक बारीक लचके तोडतो. शास्त्रज्ञ ह्याला ट्रोगोसायटोसिस म्हणतात. ग्रीक भाषेत ट्रोगो म्हणजे कुरतडणे.

ती चित्रफीत मी सलग चार वेळा पाहिली. जे माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षे चालले होते ते मला एकदाही दिसले नव्हते, कारण रंग दिल्याशिवाय ते घास दिसण्यासारखे नसतात.

हे घडते कसे, ते सांगते. आपल्या आतड्याच्या पेशींवर आणि त्यांच्यावरच्या शेंबाच्या थरात साखरेचे रेणू असतात, गॅलॅक्टोजच्या जातीचे. अमिबाच्या अंगावर एक प्रथिन असते, लेक्टिन. ते ह्या साखरेला पकडते. लेक्टिन शेंबाच्या थरातच अडकून राहिले तर अमिबा तिथेच जगतो, आतड्यातले जंतू खातो आणि माणसाला काही होत नाही. ह्या अमिबाची लागण झालेल्या दहांपैकी नऊ जण असेच असतात. पण शेंबाचा थर फोडून तो पेशीपर्यंत पोचला की पकड पेशीवर बसते आणि कुरतडणे सुरू होते. लचके तुटतात तशी पेशीच्या आत कॅल्शियमची पातळी वाढते, आवरण टिकत नाही आणि पेशी मरते. संशोधकांनी अमिबाची ही लचके तोडण्याची क्रिया औषधाने रोखली, तेव्हा पेशी मरण्याचे प्रमाणही घटले. म्हणजे घास हेच त्याचे शस्त्र.

ह्यापुढची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. पेशी मेली की अमिबा तिला सोडून देतो. तिचे उरलेले कलेवर तिथेच टाकून तो शेजारच्या जिवंत पेशीकडे सरकतो. आधीच मेलेल्या पेशी दिल्या तर त्या तो अख्ख्या गिळतो, पण जिवंत पेशीशी त्याची रीत ही अशी. आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली की पाखरे बसतात, ते शेतकऱ्यांनी आठवावे. पाखरू अख्खे कणीस खात नाही. चार दाणे टोचते, कणीस नासवते आणि पुढच्या ताटावर जाऊन बसते. त्याच्या पोटात जाते ते पसाभर, नासाडी मात्र पायलीची. अमिबा जर एकेक पेशी पोटभर खाऊन थांबत असता, तर एवढे मोठे व्रण झालेच नसते असे मला वाटते. आतड्याच्या आत हे व्रण चंबूसारखे असतात, वर तोंड अरुंद आणि खाली पोट पसरलेले. वरून पाहणाऱ्याला भोक लहान दिसते.

राल्स्टन पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिसला गेल्या. तिथे त्यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. माणसाच्या पेशीचा लचका तोडल्यावर तिच्या आवरणातली प्रथिने अमिबा स्वतःच्या अंगावर वागवतो. आपल्या रक्तात परक्या जंतूंना फोडणारी यंत्रणा असते, ती अशा अमिबाला सहजी फोडू शकत नाही. कुरतडून खाल्लेल्याचेच कातडे पांघरून तो आपल्याच रक्तात वावरतो. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आता भाच्याची हकिकत. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, वय तिशीच्या पुढे, यंत्रमागावर टॉवेल विणतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्याला आव लागली. दिवसाला सात-आठ वेळा जाणे, मुरडा, शेंब, थोडे रक्त. मला कळले ते चौथ्या दिवशी, तेही बहिणीकडून. त्याला विचारले तर म्हणाला, "काय न्हाई गं मावशी, जरा मुरडा हाय." त्याने गोळ्या आणल्या, दोन दिवस घेतल्या, मुरडा थांबला तशा सोडल्या. का सोडल्या, तर तोंडाला लोखंड चघळल्यासारखी चव येत होती. त्या गोळ्यांतल्या मेट्रोनिडॅझोल ह्या औषधाने ही चव येतेच. शिवाय खाडा झाला की मजुरी बुडते. मी तेव्हा कान धरून पूर्ण डोस घ्यायला लावला नाही, ही सल मला अजून आहे. माझा आयुष्यभराचा धंदाच तो होता.

सहा आठवडे काही नाही. मग संध्याकाळी थंडी वाजून ताप येऊ लागला. एका दवाखान्यात टायफॉइड म्हणून सलाइन लावले. उजव्या बरगडीखाली दुखते म्हणाला तर पित्त म्हणून गोळी दिली. उजवा खांदाही दुखत होता, त्याला मागावर उभा राहून आखडला असेल असे सगळे म्हणाले. त्याला कुशीवर वळता येईना तेव्हा मी रिक्षात घालून सोनोग्राफीला नेले. यकृताच्या उजव्या भागात नारळाएवढा गळू निघाला.

आतड्याचे रक्त एका मोठ्या शिरेने आधी यकृतात जाते. व्रणातून त्या शिरेत शिरलेले अमिबा तिथे पोचतात आणि तोच उद्योग यकृताच्या पेशींवर सुरू करतात. आव थांबल्यावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी हे उघडकीला येते. तेव्हा पोट बिघडलेले असेलच असे नाही आणि शौचात अमिबा बहुधा सापडत नाही. म्हणून तर चुकते. दुखणे खांद्यात उतरते कारण यकृतावरच्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना एकाच वाटेने जाते.

नळी घालून पू काढला तेव्हा मी तिथे होते. त्याला पू म्हणायची पद्धत आहे एवढेच. रंग आणि दाटपणा हुलग्याच्या माडग्यासारखा, तपकिरी. ती बहुतांश मेलेल्या यकृताची लगदी असते. तिच्यात अमिबा शोधायला गेलात तर फारसे मिळत नाहीत. ते गळवाच्या भिंतीपाशी असतात, जिथे अजून जिवंत पेशी आहेत तिथे. प्रयोगशाळेत मी हे नुसते वाचलेले होते. २०१४चे संशोधन कळल्यावर अर्थ लागला.

आणखी एक बोलल्याशिवाय राहवत नाही. यकृताला गळू झाला म्हटल्यावर नातेवाइकांत कुजबूज सुरू झाली, की पोरगा पीत असणार. दारू-शिंदी पिणाऱ्या पुरुषांत हा गळू जास्त दिसतो हे आपल्या देशातल्या डॉक्टरांचे जुने निरीक्षण आहे, ते मला ठाऊक आहे. पण न पिणाऱ्यालाही तो होतो. तरण्या पुरुषांना बायकांपेक्षा कितीतरी पटीने जास्त होतो. माझा भाचा पंढरीची वारी करणारा, गळ्यात माळ घातलेला. आजाराने खचलेल्या माणसावर असा आळ घेऊ नये.

तो बरा झाला. नळी निघाली, मेट्रोनिडॅझोलचा पूर्ण डोस झाला. पण घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दुसरे एक औषध लिहून दिले आणि बहिणीने विचारले, "आता बरा झालाय, हे कशाला?" हा प्रश्न दर दुसऱ्या घरात पडतो, म्हणून त्याचे उत्तर इथे देते. मेट्रोनिडॅझोल वरच्या आतड्यातच रक्तात शोषले जाते आणि ऊतींमध्ये, यकृतात पोचते. तिथल्या अमिबाला ते मारते. पण मोठ्या आतड्याच्या पोकळीत जे अमिबा राहतात त्यांच्यापर्यंत ते पुरेसे पोचत नाही. त्यासाठी डायलॉक्सानाइड फ्युरोएट किंवा पॅरोमोमायसिनसारखे आतड्यातच राहून काम करणारे औषध लागते. ते घेतले नाही तर माणसाला बरे वाटते, पण त्याच्या पोटातून सिस्ट बाहेर पडत राहतात, आणि दुखणे त्याच्यावर उलटूही शकते. सिस्ट म्हणजे अमिबाने स्वतःभोवती घट्ट कवच करून घेतलेले रूप. पिकलेल्या सिस्टमध्ये चार केंद्रके असतात. आकार इतका बारीक, की एका मिलिमीटरच्या लांबीत साठ-सत्तर मावतील. अशी एक सिस्ट पोटात गेली की तिच्यातून आठ अमिबा निघतात. कोणते औषध, किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. माझे म्हणणे एवढेच, की चिठ्ठीवर दोन औषधे असतील तर दोन्ही संपवा.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगते. मी आयुष्यात शेकडो रिपोर्टांवर 'ई. हिस्टोलिटिका सिस्ट दिसल्या' असे लिहिले. त्यांतले बरेच चुकीचे असणार. एंटअमिबा डिस्पार नावाचा ह्याचाच एक निरुपद्रवी भाऊ आहे. फ्रान्सच्या एमिल ब्रम्प्ट यांनी १९२५ सालीच तो वेगळा असल्याचे म्हटले होते, पण १९९३पर्यंत ते सर्वमान्य झाले नाही. दोघांच्या सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब एक. हलणाऱ्या अमिबाच्या पोटात तांबड्या पेशी दिसल्या तरच नजरेने काही सांगता येते. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी, फरक करता येत नसेल तर दोन्ही नावे मिळून लिहा, असे सुचवले. आजही अनेक ठिकाणी एकच नाव लिहिले जाते आणि काही त्रास नसलेला माणूस घाबरून गोळ्या खातो. ज्याला गरज आहे तो अर्धवट सोडतो आणि ज्याला नाही तो खात राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

नमुन्याचेही तेच. सकाळी सातला घेतलेला नमुना दुपारी बाराला डबीत घालून आणतात. पातळ शौचातला जिवंत अमिबा अर्ध्या तासाच्या आत पाहायला हवा. मग तो थंडावतो, गोल होतो, फुटतो, आणि रिपोर्ट येतो 'काही आढळले नाही'. शक्य असेल तर प्रयोगशाळेतच जाऊन नमुना द्यावा. लाजायचे काही कारण नाही, आम्ही रोज तेच पाहतो.

आता आपल्या पाण्याविषयी. उजनीचे पाणी शंभर किलोमीटरच्या आसपास नळांतून येऊन आपल्यापर्यंत पोचते, आणि नळ येतो तो काही दिवसांआड. मधल्या दिवसांत गल्लीतली पाइपलाइन रिकामी, दाब नाही. अशा वेळी जिथे जोड ढिला असेल आणि शेजारून गटार जात असेल, तिथे बाहेरचे आत ओढले जाते. पाणी सुटले की आधी ते येते, आणि त्यात घरोघरच्या मोटारी पुन्हा ओढ लावतात. नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनने जंतू मरतात, पण अमिबाची कवचातली सिस्ट मरत नाही. गाळणीच्या टप्प्यावर ती बरीचशी अडते. नंतर मिसळली तर तिला अडवणारे कुणी नसते. हे फक्त गरीब वस्तीचे दुखणे समजू नये. १९३३ मध्ये अमेरिकेत शिकागोचे मोठे प्रदर्शन भरले होते तेव्हा दोन बड्या हॉटेलांत सांडपाण्याच्या आणि पिण्याच्या नळांची गफलत झाली. सुमारे १,४०० लोक आजारी पडले, ९८ दगावले. कित्येकांना अपेंडिक्स समजून टेबलावर घेतले गेले.

पाणी उकळले की सिस्ट मरते. चांगली उकळी फुटून एक मिनिट राहिली तरी पुरे. गॅस महाग आहे, विडी वळणाऱ्या बायकांच्या घरात रोज हंडाभर पाणी कोण उकळणार, हे मी जाणते. पण पाण्याच्या दिवशी पहिली दहा मिनिटे पाणी पिण्यासाठी भरू नका, आणि प्यायचे तेवढे तरी उकळा. आपल्या जेवणातली कच्ची मेथी आणि पातीचा कांदा मी सोडा म्हणणार नाही, मीही कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर तेच खाते. फक्त पाने सुटी करून, वाहत्या स्वच्छ पाण्याखाली एकेक चोळून धुवा. जुडी बुचकळून काढणे म्हणजे धुणे नव्हे. शौचाहून आल्यावर हाताला साबण आणि नखे कापलेली, हेही.

संपादक महाशय, तुमच्याकडे माझी मागणी आहे. पाइपलाइन फुटल्याची बातमी तुम्ही देता, तिच्यात पाणीपुरवठा कधी सुरळीत होणार एवढेच असते. तिच्याखाली एक ओळ नेहमी छापा: पुढचे दोन पाणी-दिवस प्यायचे पाणी उकळा. औषध दुकानदार बंधूंनाही, त्यांत माझ्या ओळखीचे बरेच आहेत, हात जोडून विनंती, की आव म्हणून आलेल्या माणसाला चार सुट्या गोळ्या कापून देऊ नका, डॉक्टरकडे पाठवा. आणि ज्या घरात गेल्या काही महिन्यांत कुणाला आव होऊन गेली आहे आणि आता त्याला ताप येतो, उजव्या कुशीत दुखते, त्याने खांद्याला मलम चोळत बसू नये. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी.

सोबत वहीतल्या एका पानाची झेरॉक्स जोडत आहे. पोटात अकरा तांबड्या पेशी असलेला तो अमिबा मी पेन्सिलने काढला आहे, बाजूला तारीख आहे. छापता आला तर छापा, रंगीत नसला तरी चालेल. मूळ वही हवी असल्यास कुणाला तरी पाठवा, मी सकाळी अकरापर्यंत घरीच असते. पाण्याच्या दिवशी मात्र दुपारी पाठवा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
साखर पेठ, सोलापूर